उतार

तेवीस वर्षं मी लोकांच्या तळघरांत गुडघ्यांवर काढली.
डुलुथमधल्या निम्म्या मोऱ्या मला नावानं ओळखतात.
आपल्या घराच्या पोटात मात्र
कपडे धुण्यापुरतीच उतरायचे.

लाइल म्हणाला, खाली बिअर करू या.
म्हणजे आधी जागा करू या.
म्हटलं, कर. हौस तुझी, पाइप माझे.

पहिल्या शनिवारी नुसती मोजमापं.
छत सहा फूट चार, लाइल सहा फूट तीन,
प्रत्येक तुळईला मान देत चालतो.
उत्तरेच्या भिंतीशी थर्मामीटर: चौपन्न अंश.
'हिला आंबवायला बसवू इथं,' तो म्हणाला,
'हिला' असंच, अजून काही नसताना.

कोळशाची भट्टी जाऊन साठ वर्षं झाली,
कोळसा ओतायचं लोखंडी दार राहिलंय,
गंजून भिंतीचंच झालेलं.
छिन्नी घेऊन मी दीड तास त्याच्याशी भांडले.
वाफेला वाट हवी, नाहीतर तुळयांवर बुरशी धरते.
दार सुटलं तेव्हा मूठभर काळी पूड
आणि सरोवरावरचा वारा एकदमच आत आला.

अरविड नुगार्डनं चर्चचं मोठं पातेलं आणून दिलं.
चाळीस वर्षं मयतानंतरची कॉफी उकळलीय यात,
आता सुटलं बिचारं, म्हणाला,
आणि पहिल्या बाटलीवर नाव लावून गेला.

मग मी जमिनीवर बादली ओतली.
हे मी कुठंही करते.
कागदावरचा उतार खोटं बोलतो, पाणी बोलत नाही.
ते मोरीकडे निघालं,
अर्ध्यात थबकलं,
मग वळून, गुपचूप,
बॉयलरच्या मागं गेलं.

पाणी कुठंतरी मुरत होतं.

बॉयलरमागं पुठ्ठ्याचं खोकं, तळ ओला.
आत गोदीवरचं हेल्मेट, हातमोजे,
नाव कोरलेला पितळी बिल्ला,
आणि लॉकरचं कुलूप, किल्ली त्यातच.

अकरा दिवस मी पहाटे पाचला डबा भरत होते.
अकरा दिवस तो पावणेसहाला गाडी काढत होता.
लोहखनिजाची गोदी तर इथून खिडकीतूनही दिसते.
कुठं खात असेल?
दीपस्तंभाजवळ, काचा वर करून?
पाव कोरडा होतोय म्हणून एकदा तक्रारही केली होती त्यानं.

तो जिन्यावर उभा होता, हातात मोजपट्टी.
मोजपट्टी आपोआप सरकन आत गेली.
मी खोकं उचलून कोरड्या फळीवर ठेवलं.
'इथं अर्धा इंच उतार द्यावा लागेल,' म्हटलं.
'सिमेंट आहे?'
'आहे,' तो म्हणाला. 'दोन पोती.'

दोन आठवडे आम्ही सिमेंटबद्दलच बोललो.

पहिली उकळी फेब्रुवारीत.
सरोवराचं पाणी मऊ, साबणाला फेस, पिल्सनरला बरं.
जवाच्या माल्टचा वास जिन्यानं वर गेला,
पडद्यांत, उशांत, माझ्या कामाच्या कोटात.
हॉप्स टाकले आणि दुधासारखं उतू गेलं सगळं,
लाइल फुंकर मारत राहिला,
एवढा मोठा माणूस, गाल फुगवून,
आणि सांडलेलं चिकट पाणी
या वेळी सरळ मोरीत गेलं.
मी बघत होते. सरळ गेलं.

गार करून विरजण घातलं.
झाकण लावलं, एअरलॉक बसवला.
पहिल्या रात्री काही नाही.
दुसऱ्या रात्रीही नाही. लाइल तीनदा खाली जाऊन आला.
तिसऱ्या रात्री, दिवे मालवल्यावर,
जमिनीखालून: गुडुप.
बऱ्याच वेळानं पुन्हा.

अंधारात तो म्हणाला,
'उद्या एकच डबा भर.'
'बरं.'
गुडुप.
'पाव खरंच कोरडा होता.'
'गाडीत हीटर चालू ठेवून खाल्लास तर होणारच.'

तो हसला की काय, कळलं नाही, पाठ होती माझ्याकडे.
मी पडल्या पडल्या विचार करत होते,
सिंकचा तो होज बदलायला हवा,
रबराचा वास लागतो पाण्याला.